बर्फ हिरवा कधी झाला? 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे बदलते रंग

आजचा विषय बघायचा आहे आणि आपण तो ऐकतोय, त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर आणायचं काम तुमचं.

'द फेलोशिप ऑफ द रिंग'मधला कराध्रास डोंगर आठवा. सगळे बर्फातून चाललेत. त्या बर्फाचा रंग कोणता? पांढरा, अजून काय, असं म्हणाल. पण तुम्ही कुठली प्रत पाहिलीत, त्यावर उत्तर बदलतं.

सिनेमा आला २००१ मध्ये. वाढीव आवृत्तीची डीव्हीडी २००२ मध्ये. तीच वाढीव आवृत्ती २०११ मध्ये ब्लू-रेवर आली, तेव्हा लोकांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावल्या आणि बोंब झाली. अख्ख्या सिनेमावर हिरवट-निळसर झाक! बर्फ हिरवट, ढग हिरवट. कंपनीचं म्हणणं असं की ही चूक नाही, नवं रंगकाम दिग्दर्शक पीटर जॅक्सन आणि छायाचित्रकार अँड्र्यू लेस्नी यांच्या संमतीनेच झालंय. मग २०२० मध्ये फोर-के प्रत आली. जॅक्सनच्या देखरेखीखाली रंग पुन्हा नव्याने केले, आणि ती झाक गेली. म्हणजे एकच सिनेमा, एकच दिग्दर्शक, आणि बर्फ तीन प्रकारचा.

असं होतं कसं? हा सिनेमा शूट झाला ३५ मिमी फिल्मवर. फिल्म स्कॅन केली की लगेच 'खरा रंग' मिळत नाही, एक कच्चा माल मिळतो. त्यातून थंड, उबदार, गडद काय करायचं ते कलरिस्ट ठरवतो. यालाच ग्रेडिंग म्हणतात. २००१ मध्ये हे कॉम्प्युटरवर करणं नवीन होतं. पहिल्या भागाचा बराचसा हिस्सा डिजिटल पद्धतीने झाला आणि उरलेला लॅबमध्ये जुन्या पद्धतीने. पुढचे दोन भाग मात्र पूर्ण डिजिटल. त्यामुळे तिन्ही भाग एकसारखे दिसत नव्हते. २०२० ला जॅक्सनने हेच कारण दिलं: तिन्ही भाग आणि नंतरचे 'हॉबिट' सिनेमे सलग बघितले तर एकाच जगातले वाटले पाहिजेत.

त्यात तंत्रज्ञानही बदललं. साध्या ब्लू-रेवर प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, फोर-के डिस्कवर १०२४. वर एचडीआर, म्हणजे उजेड जास्त उजळ दाखवायची सोय. पण इफेक्टचे शॉट तेव्हा टू-के मध्येच बनले होते, ते ताणून मोठे केलेत. फिल्मचा बारीक दाणाही बराच पुसलाय, म्हणून काही चेहरे मेणासारखे गुळगुळीत वाटतात, अशी अनेकांची तक्रार आहे. स्वच्छ दिसतं म्हणजे जास्त बारकावे आहेत, असं नाही हां.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला वाटतं, आकडे बघा! स्क्रीनशॉटमध्ये बर्फाचा एक पिक्सेल पकडा. लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर पांढरा. हिरवा सतत वर असेल तर झाक आहे. पण आकडा 'काय बदललं' ते सांगतो, 'का बदललं' ते सांगत नाही. ती चूक होती की आवड, हे पिक्सेलमध्ये लिहिलेलं नसतं.

आणि डोळ्यांवर तर विसंबूच नका. हलकी झाक असली की दहा मिनिटांत मेंदू तिला सरावतो आणि हिरवट बर्फच पांढरा वाटायला लागतो. २०११ मध्ये फरक कळला, कारण लोकांच्या कपाटात जुनी डीव्हीडी होती. आठवणीच्या जोरावर हा वाद कुणीच जिंकला नसता.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. आज आपण स्ट्रीमिंगवर बघतो. तिथली फाइल बदलली तरी पोस्टर तेच, नाव तेच. तुलना करायला हातात जुनी प्रत नाही. आपल्या फोनमधलं दहा एमबीचं अ‍ॅप अपडेट झालं तरी खाली दोन ओळी येतात, काय बदललं त्याच्या. सिनेमाच्या डब्यावर मात्र फक्त 'रीमास्टर्ड'!

जॅक्सनने रंग बदलू नयेत, असं मी म्हणत नाही. सिनेमा त्याचा आहे. पण २००१ मध्ये लोकांनी थिएटरात जे पाहिलं, तोही इतिहास आहे. नवी प्रत आणा, जुनी पुसू नका. आणि दोन ओळी लिहा: स्कॅन कशावरून केला, रंग कुणी ठरवले, काय बदललं.

तोवर आपल्या हातात काय? जुन्या डिस्क रद्दीत देऊ नका. आणि रंगांवर भांडण्याआधी फोनचा नाइट लाइट बंद करा, डिस्प्ले 'व्हिव्हिड'वरून 'नॅचरल'वर आणा. नाहीतर जॅक्सनला शिव्या द्याल आणि दोष निघेल सेटिंगचा!

तुमच्याकडे कुठली प्रत आहे? कराध्रासचा बर्फ बघा आणि कमेंटमध्ये रंग सांगा. भेटू पुढच्या भागात.