घरच्या अँप्लिफायरला ट्रान्सफॉर्मर निवडताना



घरी अँप्लिफायर बांधणारे आयसी कोणता, स्पीकर कोणता, हीट सिंक केवढा यावर तासन्‌तास बोलतात. ट्रान्सफॉर्मरची खरेदी मात्र दुकानाच्या काउंटरवर एका वाक्यात उरकते: "बारा-झिरो-बारा द्या, पाच अँपिअरचा." माझं सांगणं असं की, यातला 'पाच' थोडा चुकला तरी चालेल, पण 'बारा' अजिबात चुकता कामा नये.

जास्त अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर लावला तर आयसी जळेल, ही भीती मनातून काढून टाका. विहिरीत पाणी भरपूर आहे म्हणून घागर फुटत नाही. आयसी त्याला लागेल तेवढाच करंट घेतो. त्याला मारतो तो व्होल्टेज.

आता कागद-पेन्सिल घ्या. टीडीए २०३० हा आयसी आपल्याकडे हजारो हातांनी जोडला आहे. त्याला अधिक १८ आणि उणे १८ व्होल्टपर्यंतचा सप्लाय चालतो, त्यापुढे नाही. यावर सर्रास बारा-झिरो-बारा लावतात. ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट एसी असतात. ब्रिज आणि कपॅसिटरमधून गेल्यावर कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो, म्हणून १२ ला १.४१ ने गुणायचं. आले जवळजवळ १७. डायोडमध्ये साधारण एक व्होल्ट जातो, उरले १६. म्हणजे १८ च्या आत, सगळं ठीक. इथेच बहुतेकांचं गणित थांबतं.

पण लेबलवरचे १२ व्होल्ट पूर्ण लोडवरचे असतात. गाणं थांबलेलं असताना लहान ट्रान्सफॉर्मर सहज दहा टक्के जास्त देतो, कधी त्याहूनही जास्त. शिवाय आपल्या लाइनचं पाहा. २३० म्हणतो आपण, पण रात्री शेतीपंप बंद झाले, कारखान्यांचा भार उतरला की मीटरवर २५० दिसणं नवलाचं नाही. हे दोन्ही धरून हिशेब केला, तर १२ चे १४ च्या वर होतात आणि कपॅसिटरवर १९ व्होल्ट उभे राहतात. आयसीची मर्यादा ओलांडली गेली, आणि तीही आवाज बंद असताना! रात्री चांगला वाजत होता, सकाळी मुका झाला, अशा तक्रारींमागे हे कारण असू शकतं.

यावर दोन उपाय आहेत. टीडीए २०३० च असेल तर नऊ-झिरो-नऊ घ्या. आवाज थोडा कमी मिळेल, आयसी टिकेल. किंवा टीडीए २०३०ए घ्या. शेवटी 'ए' असलेला हा आयसी २२ व्होल्ट सोसतो, त्याला बारा-झिरो-बारा शोभतो. दुकानात आयसीवरचं हे अक्षर डोळ्यांनी वाचून घ्या, कारण दोन्ही दिसायला सारखेच. दुसरा कोणताही आयसी असला तरी रीत हीच: त्याच्या माहितीपत्रकातली कमाल मर्यादा आधी पाहायची, मग बिनलोडचा आणि लाइन चढलेली असतानाचा हिशेब करून ट्रान्सफॉर्मर ठरवायचा.

आणि हो, नवा बारा-झिरो-बारा मीटरवर साडेतेरा दाखवत असेल तर तो सदोष समजून परत करू नका. उलट बिनलोडला नेमके बारा दाखवणारा लोडवर बाराच्या खाली बसणार.

आता अँपिअर. दोन चॅनेल, चार ओहमचे स्पीकर, प्रत्येकी १८ वॅट, मिळून ३६. अँप्लिफायर स्वतः उष्णता म्हणून बरंच खातो, आणि कपॅसिटर करंट सलग न घेता झटक्याझटक्याने ओढतो, त्याने वाइंडिंग जास्त तापतं. म्हणून आउटपुटच्या दीड ते दोन पट व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, धरा: ५४ ते ७२. बारा-झिरो-बारा म्हणजे टोकापासून टोकापर्यंत २४ व्होल्ट. तीन अँपिअरचा घेतला की २४ गुणिले ३, बरोबर ७२. आठ ओहमचे स्पीकर असतील तर दोन अँपिअर पुरे.

पण लेबलवर छापलेल्या अँपिअरवर विसंबू नका, हातात घेऊन वजन पाहा. पत्र्या कमी आणि तार बारीक असलेला ट्रान्सफॉर्मर हलका लागतो. तार तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. ओळखीचा वाइंडिंगवाला असेल तर त्याच्याकडून करून घेणं मला जास्त पसंत आहे: हवे तेच व्होल्ट मिळतात, आणि वार्निश नीट मुरवलं की पत्र्या गुणगुणत नाहीत. गोल टोरॉइडल महाग पडतो, पण त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी पसरतं. त्याच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक मात्र कॅबिनेटच्या धातूला टेकू देऊ नका. तो एक पूर्ण वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. चौकोनी असेल तर इनपुटच्या तारांपासून जमेल तेवढा लांब बसवा.

ऑटोट्रान्सफॉर्मर यासाठी कधीही वापरू नका. त्यात घरची लाइन आणि तुमचा हात यांच्यात आडोसाच नसतो. धातूचं कॅबिनेट अर्थ करा, तीन पिनांचा प्लग लावा आणि प्रायमरीला अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज द्या.

पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, एलईडी नको, आणि जाणकार माणूस जवळ असू द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर जोडणी बरी आहे. उजळतच राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधा. मग बल्ब काढा, तासभर गाणी वाजवा, प्लग काढा आणि ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा. कोमट लागला तर निवड बरोबर आहे. हात ठेववत नसेल तर व्हीए कमी पडतोय, तेव्हा तेच व्होल्ट ठेवून एक नंबर मोठा ट्रान्सफॉर्मर आणा.