एक माठ, एक पंगत

(शिराळा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. विद्वत्तेचा माझा दावा नाही. तथापि आपल्या संघाने शिराळ्यात विद्यार्थी-वसतिगृह बांधण्याचे योजिले आहे. त्यात प्रवेश केवळ ज्ञातीतील मुलांस असावा की सर्वांस, हा प्रश्न आज आपणांपुढे आहे. त्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

शाळेचे दार उघडले म्हणजे शाळा सर्वांची झाली, असे आपण समजतो. साताऱ्याचा इतिहास तसे सांगत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमराव आंबेडकर तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. हजेरीपटावर नाव चढले. पण बसावयास वेगळे गोणपाट, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी! बाबासाहेबांनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीस जेवीत. ते चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहे उभारविली, ती त्या काळची गरज होती. भाऊराव स्वतः तेथील जैन बोर्डिंगात राहिले होते. परंतु स्वतः उभारताना त्यांनी सर्वांसाठी उभारले.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी मी वारणाकाठच्या एका खेड्यात होतो. अस्पृश्यता नष्ट करणारी राज्यघटना अमलात येऊन तेव्हा पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती. माठातील पाणी देण्यास मी एक मुलगा नेमला होता. शिस्तीसाठी नेमला, अशी माझी समजूत. एके दिवशी तो गैरहजर राहिला. मधल्या सुट्टीत बाकीची मुले स्वतःच तांब्या बुडवून पाणी पिऊन गेली. गावाबाहेरच्या वस्तीतील एक मुलगी मात्र तशीच उभी. कारण विचारता ती म्हणाली, “गुरुजी, पाणी घालणारा आला न्हाई.”

साताऱ्याचा तो शिपाई माझ्याच शाळेत उभा होता, आणि त्यास मीच नेमले होते!

दुसऱ्या दिवशी मी तांब्या तिच्या हाती दिला व तिने घातलेले पाणी सर्वांआधी मी प्यालो. काही पालक संतापले. दोन मुले आठवडाभर शाळेत आली नाहीत, मग आली. संतापलेल्यांत आपल्या ज्ञातीचीही घरे होती, हे आज सांगितलेच पाहिजे.

बंधुभगिनींनो, घरी शिकलेला भेद मूल एकत्र राहूनच विसरते. आपले वसतिगृह केवळ आपल्याच मुलांचे राहिले, तर त्यांस निवारा मिळेल. शेजारी मिळणार नाही. म्हणून माझी सूचना अशी की, प्रवेश सर्व जातिधर्मांच्या गरजू मुलांस असावा, स्वयंपाकघर एक असावे आणि माठही एकच असावा. हे मान्य झाल्यास माझ्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम मी बांधकामास देईन. मान्य न झाल्यासही देईन. परंतु पुढील वर्षी हाच ठराव घेऊन पुन्हा आपणांपुढे उभा राहीन.