आधी जाते, मग ओवी



कविता रोज कशी सुचावी, असे नवे कवी फार कळकळीने विचारतात. बहुतेकांना उत्तर मिळते ते असे : प्रतिभा ही देणगी आहे, ती येईल तेव्हा येईल, तोवर वाट पाहावी. मला हे उत्तर पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या होते. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीतला क्रम नीट पाहा. ओवी सुचली म्हणून बाई जात्यावर बसत नव्हती. घरात पीठ नव्हते म्हणून बसत होती, आणि खुंटा हातात आला, पहिली वैरण पडली, की ओवी येत होती. रोजची स्फूर्ती कामाच्या आधी येत नसते. ठरलेली वेळ, देहाची लय आणि हाताशी असलेला घाट यांतून ती उपजते, एवढेच मला आज मांडायचे आहे.

यासाठी पुरावा हवा, आणि तो भरपूर आहे. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी केल्या, आणि १९८०च्या दशकापासून हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. ज्यांच्या नावावर कवितेची एक ओळही कुठे छापली नव्हती, अशा बायकांची ही निर्मिती आहे. ती शक्य कशी झाली? एक तर त्यांना कोऱ्या शांततेतून आरंभ करावा लागत नव्हता. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, असा वहिवाटीचा रस्ता होता. ओवीचा पूर्वार्ध पुष्कळदा परंपरेतून आलेला, सगळ्यांच्या ओठावरचा असे. गाणारीचे स्वतःचे जे काही असायचे ते उत्तरार्धात उतरायचे. शिवाय जात्यापाशी अनेकदा दोघी बसत. एकीने ओळ टाकली की दुसरी ती उचलून पुढे नेई. या चाकोरीत नवे काही शिरत नव्हते असे मात्र समजू नका. सीतेच्या वनवासात या बायकांनी आपला सासुरवास पाहिला, आणि बाबासाहेब आंबेडकरांचे नाव खेड्यात पोचले तेव्हा दलित बायकांनी त्यांच्यावर ओव्या रचल्या. त्या काळची ताजी गोष्ट जुन्या घाटात सहज मावली.

याहून मोठा पुरावा ओवी थांबली त्यात आहे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे दळण सुटले. बायकांची दुःखे त्या दिवशी संपली नव्हती. माहेरची ओढ होती, लेकीची काळजी होती, बोलण्यासारखे सारे होते. तरी नव्या ओव्या आटत गेल्या. भावना हीच कवितेची जननी असती, तर असे व्हायला नको होते. गेला तो तास, गेली ती हाताची फेरी आणि गेली समोर बसणारी जोडीदारीण.

यावर आक्षेप येतो की, मी कष्टांचे गोडवे गातो आहे. हा आक्षेप गंभीर आहे. जाते ओढणे हे छाती भरून आणणारे काम होते, ते त्या बायकांनी निवडलेले नव्हते, आणि गिरणीने त्यांची सुटका केली हे चांगलेच झाले. जाते परत आणा असे कोणी म्हणू नये. परंतु कष्ट गेले त्याबरोबर कवितेची बैठकही मोडली, ती आता आपल्याला जाणूनबुजून घालावी लागेल, एवढे तरी मान्य करायला हवे. ती बैठक काय देत होती, ते बहिणाबाई चौधरींकडे पाहून कळते. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी जे रचले ते त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी उतरवून ठेवले म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपाने आले. त्या कवितेतली शेते, सुगरणीचा खोपा, मोट, हे सारे कामाच्या वाटेवर रोज भेटणारे आहे.

दुसरा आक्षेप आधुनिक कवीचा असतो. ओवी सामूहिक होती, माझी कविता एकट्याची आहे. रोज लिहिले तर भुसाच जास्त निघेल. केशवसुतांच्या कविता दीडशेच्याही आत आहेत, तरी त्यांनी मराठी कवितेची दिशा बदलली. हे खरे आहे. पण कवीने किती छापले यावरून तो किती वेळ कवितेपाशी बसला हे कळत नाही. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली आला आणि त्यानंतरचे मराठी संग्रह २००३ पर्यंत आले नाहीत. त्या काळात ते गप्प होते असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात मुंबईच्या काळा घोडा चौकाजवळच्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात ते वर्षानुवर्षे बसत होते, आणि तिथल्या रस्त्यावरचा भटका कुत्रा, इडलीवाली, झाडूवाल्या बायका त्यांच्या २००४ सालच्या इंग्रजी कवितांत आल्या. एका चौकाकडे इतका काळ पाहत राहणे ही माझ्या मते जात्याचीच बैठक आहे. भुशाबद्दल म्हणाल तर त्या लाख ओव्यांतही पुष्कळ ओव्या साध्या आहेत. ज्या बाईने शंभर साध्या ओव्या गायल्या तिच्याच तोंडून एकशे एकावी अशी निघते की ऐकणारा थांबून जातो, आणि ती कोणती असेल हे गाण्याआधी तिलाही ठाऊक नसते.

म्हणून तरुण कवींना माझे सांगणे असे. दिवसातला एक तास बांधून घ्या आणि सुचण्याची वाट न पाहता बसा. वृत्त, अभंग, ओवी, जो घाट आवडेल तो काही महिने सोडू नका. सुरुवात अडली तर दुसऱ्याची ओळ मनात घोळवून पुढे जा. आपली वाट फुटली की ती उसनी ओळ मागे ठेवा. आणि शक्य असेल तर जात्याच्या पलीकडल्या बाजूला बसेल असे कोणीतरी शोधा, जे तुमची ओळ ऐकून लगेच दुसरी म्हणेल. आपल्या कविसंमेलनांत टाळ्या पुष्कळ मिळतात, ही जोड मात्र मिळत नाही, आणि आजच्या कवीला तिचीच उणीव सर्वांत जास्त आहे.