कपाटात राहिलेले दाखले

(८ मार्चच्या निमित्तानं पांढरकवडा इथे गावोगावच्या महिला गटांचा मेळावा झाला. त्यात जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेनं केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला ‘मुलींचं शिक्षण’ असा विषय दिला होता. त्यावर बोलायचं तर सावित्रीबाईंपासून सुरुवात करावी लागेल आणि जेवायची वेळ टळून जाईल. मी नोकरीतली बहुतेक वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळांमध्ये काढली. बहुतेक वेळा माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र असायची. तेव्हा मी फक्त चौथीबद्दल बोलते.

२००८ साली माझी बदली एका तांड्यावरच्या शाळेत झाली. चार्ज घेताना आम्ही शिक्षक काय करतो, तर कपाट उघडतो आणि वस्तू मोजतो. नकाशे किती, तराजू किती, खुर्च्या किती. त्या कपाटात खालच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. शाळा सोडल्याचे दाखले. चौथी पास झालेल्या मुलांसाठी आधीच्या गुरुजींनी लिहून, सही-शिक्का मारून ठेवलेले, पण कुणी न्यायलाच आलं नव्हतं. काहींची कड उंदरांनी खाल्ली होती. मी ते मोजले. मुलांचे चार निघाले. बाकी सगळे मुलींचे.

मग मी दाखल-खारीज रजिस्टर काढलं. त्यात शेवटी एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. सगळ्यांच्या नावापुढे एकच कारण होतं, ‘चौथी उत्तीर्ण’. मुलांच्या पुढेही तेच, मुलींच्या पुढेही तेच. गुरुजींनी काही खोटं लिहिलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंतच होती, पोरी पास झाल्या होत्या, शाळेचं काम संपलं होतं. पाचवी चार किलोमीटरवरच्या गावात. तिथल्या हायस्कूलच्या हजेरीपटावर या मुलींची नावं कधी चढलीच नाहीत, मग तिथल्या शिक्षकांना त्या गैरहजर कशा दिसणार? मध्येच शाळा सोडणारी मुलगी निदान गळतीत मोजली जाते. चौथी पास होऊन घरी बसलेली मुलगी तेव्हा कुणाच्याच कागदावर नव्हती. दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर ती हरवली, आणि त्या रस्त्याची जबाबदारी दोन्ही शाळांपैकी एकीचीही नव्हती.

माझ्या घरातही हे झालं आहे. माझी मोठी बहीण १९७१ साली चौथी झाली. माझ्याहून हुशार. तिचे पाढे तीसपर्यंत पाठ, मला अजूनही एकोणतीसला अडखळायला होतं. पुढच्या शाळेला नाला ओलांडून जावं लागायचं. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ झाला, तो तिच्या कडेवर आला. मला मामानं यवतमाळला नेलं म्हणून मी शिकले. माझी बुद्धी जास्त होती म्हणून नव्हे, मामीला बाळंतपणात हाताशी पोरगी हवी होती म्हणून. ताई आजही माझ्या पेन्शनच्या पासबुकातली बेरीज तपासते आणि मला चुका दाखवते.

आता त्या वर्गाबद्दल बोलू. ‘पोरींना शाळेत येतं काय?’ असं लोक विचारतात, आणि खरं सांगते, आम्ही शिक्षकही विचारतो.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्याकडे वेचणीचे दिवस. चौथीतली मुलगी नऊ-दहा वर्षांची. एक तर ती आईबरोबर पराटीत असते, नाहीतर घरी लहानग्याला सांभाळते. मंगळवारी येते, बुधवारी नाही, शुक्रवारी अर्धा दिवस येते. भागाकार शिकवायला घ्यावा तर सोमवारी शिकलेली पायरी गुरुवारी तिच्याजवळ नसते. परीक्षेत चुकली की आम्ही शेरा मारतो, ‘गणित कच्चे’.

अशीच एक ‘गणित कच्चे’वाली मुलगी माझ्या वर्गात होती. वर्ष २०११. तिच्या आईनं एका दिवसात ३७ किलो कापूस वेचला. दर किलोला ५ रुपये. संध्याकाळी माप झालं आणि मुकादमानं हातावर १७५ रुपये ठेवले. पोरगी जवळच उभी होती. म्हणाली, “दहा कमी हायेत.” मुकादम हसला. ती म्हणाली, “तीस किलोचे दीडशे, सात किलोचे पस्तीस.” चार बायांसमोर बोलली म्हणून त्याला दहा रुपये काढावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या आईला सांगितलं, पोरीला वावरात आणत जाऊ नको. म्हणून ती शाळेत आली! आईनंच मला ही गोष्ट हसत हसत सांगितली.

मी त्याच दिवशी फळ्यावर ३७ गुणिले ५ मांडलं आणि तिला उभं केलं. ती हातच्यापाशी अडकली. पाच सत्ते पस्तीस, पाच लिहिले, तीनचं काय करायचं ते तिला आठवेना. वावरात जे तिनं उभ्या उभ्या केलं, तेच फळ्यावर तिला परकं झालं होतं. मग मी तिच्याच पद्धतीनं मांडलं, तीसचे वेगळे, सातचे वेगळे, खाली बेरीज. तो तीन कुठून येतो हे तिला दिसलं. आणि खरं सांगू, मलाही नीट दिसलं. इतकी वर्षं मी ‘हातचा घ्या’ म्हणत होते, तो हातचा कसला हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

भाषेचं तर मी अपराधच केले आहेत. ‘माझी आई’ निबंध दिला. एका मुलीनं पहिल्याच ओळीत ‘याडी’ लिहिलं. बंजाऱ्यांच्या घरात आईला याडी म्हणतात. मी लाल पेनानं काट मारून वर ‘आई’ लिहिलं. तिनं उरलेला निबंध पुस्तकातल्यासारखा लिहिला, एकही चूक नाही, आणि त्यात तिची आई कुठेच नाही. कोलामांच्या पोडावरची मुलं तर कोलामी बोलत येतात. मराठीशी त्या भाषेचं नातंही नाही, ती द्राविडी कुळातली. पहिली-दुसरी ती मुलं गप्प बसून काढतात. चौथीपर्यंत धडा घडाघडा वाचतात, साहेब तपासणीला आले की खूश होतात. धड्यात काय सांगितलं ते विचारलं की पुन्हा तीच शांतता. आणि त्यातही मुलगी जास्त गप्प, कारण गप्प बसलेल्या मुलीला आम्ही ‘शहाणी’ म्हणतो. वर्ग झाडायला मुली, पाणी भरायला मुली, आणि घंटा द्यायला मात्र मुलगा. हे कोणत्या परिपत्रकात लिहिलं आहे? बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघंही भाजी निवडताना दाखवले तर केवढी चर्चा झाली. चित्र बदललं ते चांगलंच झालं. माझ्या वर्गातला झाडू मात्र मीच बदलायचा होता. तो मी फार उशिरा बदलला.

तर अशी ही चौथी. मोडकीतोडकी, पण मुलगी तिथे उभी राहून बोलायला लागलेली असते. आणि नेमकं तिथेच संपतं.

सरकारी योजना पाहा, म्हणजे गंमत कळेल. १९९२ साली दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला. हजेरीला दिवसाचा एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. पुढची तीस वर्षं तो एक रुपया एकच राहिला. बरं, असू दे एक रुपया. पण तो पहिली ते चौथी. चौथी संपली की तो बंद. एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावानं पाचवीपासून मिळतो. छान. पण ज्या तांड्यावर एसटीच येत नाही तिथे पास कुणाला दाखवायचा? कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं २००४ साली आली, राहायची सोय असलेली, पण ती सहावीपासून. मानव विकासची सायकल आणि निळी बस आठवीपासून. मंत्रालयात कुणी मुद्दाम असं आखलं असेल असं मी म्हणत नाही. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खात्यांनी काढलेल्या योजना. पण दहा वर्षांची मुलगी एकदाच पाचवीत जाते, आणि नेमकी त्याच पायरीवर तिच्या हाताला धरायला काही नाही.

प्राथमिक शाळा कितवीपर्यंत हेच आधी ठरत नाही. आमच्या आयांच्या काळी सातवी म्हणजे मोठं शिक्षण, त्यावर मास्तरीण होता यायचं. मग गावात चौथी ही हद्द झाली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीची होती, ती २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. मुलगा मागे राहिला तर घरचे शिकवणी लावतात. मुलगी मागे राहिली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि तिकडे नोकरीची अट वर वर जाते आहे. अंगणवाडीत मदतनीस व्हायला पूर्वी सातवी पास चालायचं. २०२३ पासून बारावी लागते. इथे बसलेल्या कितीतरी जणी आज त्या जागेसाठी अर्जही करू शकणार नाहीत.

त्यात २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळांच्या समूहशाळा करायची कल्पना निघाली. लहान शाळा एकत्र करू, मोठी इमारत, प्रयोगशाळा, वाहनाची सोय. ऐकायला बरं वाटतं. पण मग जो नाला आज चौथीनंतर आडवा येतो, तो पहिलीलाच आडवा येईल. पोड आणि तांडे यांचा पट वीसच्या आतच असायचा, गावच तेवढं आहे.

मी त्या गठ्ठ्यातले दाखले घेऊन घरोघर फिरले होते. काही मुलींची लग्नं झाली होती. एकीच्या कडेवर मूल होतं, तिनं दाखला हातात घेतला, आपलं नाव वाचलं आणि परत दिला. एका बापानं मला पाट दिला, चहा पाजला आणि म्हणाला, “झाली न बाई चौथी. नाव लिहिता येते, पैसे मोजता येते. नाल्याले पूर आला तं तिले पलीकडून आणाले कोन जाईन?” मी त्याला स्त्रीमुक्तीचं काही सांगितलं नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्याचा प्रश्न खरा होता, पण तोच नाला त्याचा मुलगा रोज ओलांडत होता, हे मात्र मी त्याला सांगितलं. तो गप्प झाला. मुलगी त्या वर्षी नाही गेली. तिच्या पाठची गेली.

आपण दारूबंदीसाठी बसलो, बलात्काराच्या केसेस लढवल्या, झरी-जामणीकडच्या कुमारी मातांच्या प्रश्नावर मोर्चे काढले. मीही त्यात होते. आमच्या गटानं त्या मुलींची माहिती लिहून घेतली तेव्हा वय लिहिलं, गाव लिहिलं, पुरुषाचं नाव लिहिलं. शाळा कितवीत सुटली, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. मी शिक्षिका असून सुचलं नाही.

आता कामाचं बोलते. १ मे रोजी निकाल लागतो. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे मधले जवळजवळ दोन महिने. मुलगी या दोन महिन्यांतच हरवते. शाळा उघडते तेव्हा सरकी टोबायचे दिवस आलेले असतात आणि तिच्या हातात बियाण्याची पिशवी असते. त्यामुळे जुलैमध्ये पटनोंदणीला जाऊन उपयोग नाही. १ मेला शाळेत जायचं आणि चौथीच्या मुलींची यादी मागायची. पाचवीची शाळा कोणती, वाटेत काय आहे, कोण कोण बरोबर जाईल, हे त्या आयांना एकत्र बसवून ठरवायचं. एकटी मुलगी कुणी पाठवत नाही, पाच जणी पाठवतात. दाखला मिळाला नाही म्हणून कुणी प्रवेश अडवला तर कायद्याचं कलम ५ दाखवायचं. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. जिथे नाही तिथे आपल्याच शाळेला पाचवीचा वर्ग जोडा, असा ग्रामसभेचा ठराव घ्यायचा, आणि ठरावाची पोच घ्यायची. पोच नसेल तर ठराव झालाच नाही असं समजा. आता प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर असते. एका शाळेतून निघून दुसरीत न गेलेल्या मुलाचं नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये पडतं. म्हणजे पूर्वी कपाटात होतं ते आता तिथे आहे. मुख्याध्यापकांना विचारा, तुमच्या ड्रॉप बॉक्समध्ये आमच्या गावच्या किती मुली आहेत. ते चिडतील. दुसऱ्यांदा विचारा.

येत्या १ मेला मी दोन पोडांवर आणि एका तांड्यावर जाणार आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, आणि तिकडे एसटी जात नाही. कुणाच्या घरी गाडी असेल, किंवा बरोबर यायची तयारी असेल, तर चहाच्या सुट्टीत मला नाव सांगा. वही मी आणली आहे.