मनमाडला उतरवलेला माल



ब्रिटिश अभियांत्रिकीचा इतिहास म्हटलं की वॅट, आर्कराइट, स्टीफन्सन ही नावं आपल्याला आठवतात. शाळेच्या पुस्तकात ती शोधांसोबत येतात आणि परीक्षेबरोबर संपतात. आज मी या इतिहासात मनमाडच्या मालधक्क्यावरून शिरणार आहे. विलायतेतलं तंत्र आपल्या मराठवाड्यापर्यंत कसं पोचलं आणि कोणत्या अटीवर पोचलं, हे त्या धक्क्यावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

१९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत थेट सिकंदराबाद, एकूण ३९१ मैल. या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर एक मीटर होतं. मनमाडला ती ज्या मुंबईच्या लाइनला भेटत होती, त्या जी.आय.पी. रेल्वेचं अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. फरक ६७६ मिलिमीटरचा. तेवढ्या फरकामुळे जालन्याहून निघालेली एकही वाघीण मुंबईला जाऊ शकत नव्हती. रुईच्या गाठी मनमाडला उतरायच्या आणि हमालांच्या अंगमेहनतीने शेजारच्या ब्रॉडगेज वाघिणीत चढायच्या. मुंबईहून येणाऱ्या मालाचंही तेच. त्यात वेळ जायचा, माल फुटायचा, भिजायचा, हमाली चढायची.

हे असं का झालं? त्यासाठी थोडं इंग्लंडात जावं लागेल.

जॉर्ज स्टीफन्सनने कोळशाच्या खाणींतल्या गाड्यांचं प्रचलित माप उचललं, ते पुढे चार फूट साडेआठ इंच ठरलं. इझम्बार्ड ब्रुनेलला ते पटलं नाही. त्याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी सात फुटांहून किंचित जास्त रुंदी घेतली. गाडी स्थिर धावावी, वेग वाढावा, हा त्याचा हेतू होता आणि तो त्याने साधलाही. पण ग्लॉस्टरला ही दोन मापं समोरासमोर आली आणि सगळा माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरण्याचा गोंधळ सुरू झाला. १८४५ मध्ये आयोग नेमला गेला. चाचण्यांत ब्रुनेलच्या मापावरची इंजिनं सरस ठरली, तरी आयोगाने कौल दिला स्टीफन्सनच्या मापाला, कारण त्या मापाचे मैल कितीतरी जास्त होते. १८४६ साली कायदा झाला. उरलेलं रुंद माप जायला मात्र मे १८९२ उजाडलं. चार हजारांहून अधिक गँगमन एका शनिवार-रविवारी रुळांवर उतरले आणि ग्रेट वेस्टर्नचा शेवटचा रुंद मार्ग त्यांनी सरकवून घेतला. अभियांत्रिकीच्या इतिहासात मला हा प्रसंग फार मोठा वाटतो, आणि त्यात नवा शोध एकही नाही.

हा वाद जवळून पाहणारा एक माणूस हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. लॉर्ड डलहौसी त्या काळात लंडनच्या व्यापार मंडळाचा अध्यक्ष होता. म्हणूनच त्याचा आग्रह होता की हिंदुस्थानात एकच माप असावं आणि ते रुंद असावं. साडेपाच फूट ठरलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी याच रुळांवरून धावली.

पुढे सरकारची तिजोरी आखडली आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत स्वस्त रेल्वेचा निर्णय झाला. मेट्रिक मापं आणण्याचा विचार त्या वेळी चालू होता, म्हणून रुंदी एक मीटर. रूळ हलके, पूल अरुंद, वळणं आखूड, खडी कमी. खर्चाचा आकडा खाली आला.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. १८९२ साली इंग्लंडने आपला मापांचा तंटा कायमचा मिटवला. त्यानंतर आठ वर्षांच्या आत मनमाडला तोच तंटा नव्याने उभा राहिला. तंटा काय असतो हे ठाऊक नव्हतं, असं म्हणण्याची सोय नाही. डलहौसीला तो अर्धशतक आधीच ठाऊक होता. माझ्या मते उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. रेल्वे बांधायचा खर्च एका ठिकाणी, ठळक आकड्यात लिहिला जातो. मनमाडला माल उतरवण्याचा खर्च असा कुठेच एकत्र दिसत नाही. तो प्रत्येक गाठीवर थोडा थोडा बसतो आणि शेवटी कापूस पिकवणाऱ्याच्या भावातून वजा होतो. वहीत न दिसणारा खर्च मराठवाड्याने भरला.

मीटरगेजच्या बाजूनेही बोललं पाहिजे. रुंद मार्गाचा हट्ट धरला असता तर कदाचित आणखी काही दशकं आपल्याकडे रेल्वे आलीच नसती. आणि आलेल्या रेल्वेने या भागाचं रूप बदललं, यात शंका नाही. औरंगाबादची सूत आणि कापडाची गिरणी १८८९ ची, म्हणजे रेल्वेच्या दहा-अकरा वर्षं आधीची. तिथे सातशे माणसं कामाला होती. ती अवजड यंत्रं शहरात रेल्वेशिवाय, रस्त्याने आली, हे आज नुसतं डोळ्यांसमोर आणायलाही कठीण जातं. रेल्वे आल्यावर जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने भराभर निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या जालन्यात नऊ जिनिंग आणि पाच प्रेस होते. १९०१ साली जिल्ह्यातल्या अशा सगळ्या कारखान्यांत मिळून १०१६ माणसं कामाला होती.

या कारखान्यांचं काम नीट समजून घ्या. कापसातून सरकी वेगळी करायची ती जिनमध्ये. उरलेली रुई हलकी आणि फुगीर, वाघीण भरते पण वजन भरत नाही. म्हणून प्रेसमध्ये ती दाबून तिची गाठ बांधायची. गाठ जितकी घट्ट, तितका एका वाघिणीत जास्त माल. वाफेच्या बळावर वाघिणीतली जागा वाचवायची आणि मग मनमाडला तीच वाघीण रिकामी करून वेळ घालवायचा, अशी ही साखळी होती. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ब्रिटनने यंत्रांच्या निर्यातीवरची बंदी १८४३ साली उठवली. मुंबईत उद्योजक दावर यांची कापड गिरणी १८५४ साली उभी राहू लागली ती त्यानंतरच. यंत्र कधी द्यायचं आणि कसलं द्यायचं, हे बराच काळ तिकडेच ठरत होतं.

१९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली. पुढे हैदराबाद मुक्त झालं, मराठवाडा महाराष्ट्रात आला. मनमाडचा धक्का होता तिथेच राहिला. हैदराबाद मुक्तिलढ्यातले नेते गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. आपल्यातल्या अनेकांना ते मोर्चे आठवत असतील. रुंदीकरण म्हणजे रूळ बाजूला सरकवणं नव्हे. स्लीपर बदलायचे, पूल मजबूत करायचे, फलाट हलवायचे, इंजिनं आणि डबे सगळे नवे. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा भराव जड गाड्यांसाठी पक्का करायचा हे वेगळंच काम. अखेर १९९० च्या दशकात मनमाडकडून या मार्गावर ब्रॉडगेज येऊ लागली. इंग्लंडला कायद्यापासून शेवटच्या रुळापर्यंत ४६ वर्षं लागली. आपल्याला पहिल्या गाडीपासून नव्वदहून अधिक लागली.

या मधल्या काळाचा परिणाम आपल्या शहरावर, तेव्हाच्या औरंगाबादवर, कोरलेला आहे. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला तेव्हा स्टेशनवर मीटरगेजच होती. आपलं औद्योगिक शहर ट्रकच्या भरवशावर वाढलं. आजची वाहतूक, आजचे रस्ते त्या काळाची बाकी फेडत आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रुनेलचं चरित्र इंग्रजीत हवं तितकं मिळेल. मनमाडच्या धक्क्यावर गाठी वाहणाऱ्या हमालांचं, काळ्या मातीवर रूळ सांभाळणाऱ्या गँगमनचं, जालन्याच्या जिनमधल्या फिटरांचं लिखाण मात्र नाहीसारखंच आहे. यांतले मीटरगेज पाहिलेले लोक आजही आपल्यात आहेत. आपल्या घरात किंवा गल्लीत असा कोणी असेल तर या उन्हाळ्यात त्याच्याजवळ बसा, त्याचं बोलणं टिपून घ्या. जुने पास, पगारपत्रकं, कारखान्याचे फोटो, यंत्रावरची नावाची पाटी, जे हाती लागेल ते भंगारात जाऊ देऊ नका. विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे पोचवा.