श्रद्धा वाढते तसा अहंकारही

साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये राहायला आले, तेव्हा त्यांच्या बाप्तिस्म्याला 22 वर्षं झाली होती. कवी म्हणून नाव होतं, अमेरिकन मराठी मिशनमध्ये मान होता, पगार होता. तो पगार त्यांनी सोडला आणि संन्याशासारखं राहून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे भाऊ-बहीण म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा.

इतक्या वर्षांनी मान सोडणं सोपं नसतं. नवा विश्वासी सहसा नम्र असतो. धोका पुढे असतो. प्रार्थना तोंडपाठ होतात, मंडळीत शब्दाला वजन येतं आणि माणूस हळूच दुसऱ्याची भक्ती मोजू लागतो. येशूच्या दृष्टांतातला परूशी उपास करणारा, दशांश देणाराच होता. चुकलं ते शेजारच्या जकातदाराकडे तुच्छतेने पाहण्यात.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची अहंकाराशी लढाई मला जास्त अवघड वाटते. जन्मापासून अंगात मुरलेलं सोवळं, जातीचा मोठेपणा त्यांना टाकायचा होता, तोही रोजच्या घोटभर पाण्यापासून. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सारं त्यांनी स्वतःवर हसत सांगितलं आहे.

टिळक 1919 मध्ये वारले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केलं ते लक्ष्मीबाईंनीच. ‘स्मृतिचित्रे’ वाचली नसेल, तर जरूर वाचा.