ग्रामीण आरोग्यसेवेत दूरध्वनीवरील परिचारिका

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर करमाड हे मोठे गाव लागते. गावाला रेल्वे स्थानक आहे, शेंद्र्याची औद्योगिक वसाहत जवळ आहे आणि सारा मराठवाडा ज्याला ‘घाटी’ म्हणून ओळखतो, ते शासकीय रुग्णालयही फार दूर नाही. मग अशा ठिकाणी दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या परिचारिकेची गरज काय, असा प्रश्न सहज विचारला जाईल. परंतु तापाने फणफणलेल्या मुलाला मध्यरात्रीच न्यावे की उजाडण्याची वाट पाहावी, हे शेतवस्तीवरच्या कुटुंबाला एकट्यानेच ठरवावे लागते. वाहन मागावे लागते, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. घाईने नेले आणि काही निघाले नाही तर खर्च अंगावर पडतो. थांबावे तर कधी कधी जीव जातो. या निर्णयाला जाणत्या माणसाची सोबत मिळावी, एवढाच या सेवेचा हेतू होय.

येथे परिचारिकेने रोगाचे नाव सांगावयाचे नसते. तिने निकड ठरवावयाची असते. रुग्णाला तत्काळ रुग्णवाहिकेने हलवावे, आजच डॉक्टरांना दाखवावे, उद्या उपकेंद्रात यावे, की घरीच काळजी घ्यावी, यांपैकी एक उत्तर तिने द्यावयाचे. इंग्लंडमध्ये 1998 साली ‘एनएचएस डायरेक्ट’ या नावाने अशी परिचारिकांची सेवा सुरू झाली. 2014 साली ती बंद होऊन तिची जागा 111 या क्रमांकाच्या सेवेने घेतली. तेथे पहिला दूरध्वनी वैद्यकीय शिक्षण नसलेला, पण प्रशिक्षित कर्मचारी घेतो. हे कर्मचारी धोका नको म्हणून रुग्णांना गरजेपेक्षा अधिक वेळा रुग्णालयात धाडतात, अशी टीका तेथे झाली. प्रश्नांची यादी तीच असली, तरी ती कोण वाचतो याला महत्त्व आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

कायद्याची चौकटही स्पष्ट आहे. मार्च 2020 मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचाच आहे. परिचारिका रुग्णाची हकीकत घेऊ शकते व डॉक्टरांशी गाठ घालून देऊ शकते. उपकेंद्रातून डॉक्टरांशी जोडून देणारी ‘ई-संजीवनी’ 2019 पासून, आणीबाणीची 108 रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 पासून, आणि आरोग्यसल्ल्यासाठी 104 हा क्रमांक, अशी साधने हाताशी आहेत. करमाडसारख्या परिसरात त्यांना जोडणारा दुवा हवा आहे.

प्रश्नावली मात्र परदेशातून आणून भागणार नाही. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाचे रुग्ण रात्रंदिवस न्याहाळले आणि 1980च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यांच्या निरीक्षणांतील कित्येक लक्षणे दूरध्वनीवरून विचारता येण्याजोगी आहेत. अंगाला दरदरून घाम आहे काय? उलटी झाली काय? हातपाय गार पडले आहेत काय? यांचे उत्तर होकारार्थी असेल, तर वेदना थोडी असली तरी रुग्ण धोक्यात असतो. नुसती ठणक असेल तर निकड कमी. तरीही रुग्णावर, विशेषतः मुलावर, लक्ष ठेवावेच लागते.

मण्यारीची गोष्ट याहून फसवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दंशाची खूण बहुधा दिसत नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागते आणि घरचे ओव्याचे पाणी देतात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखीसाठी दूरध्वनी आला, तर रुग्ण कोठे झोपला होता आणि त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत काय, हे विचारल्याशिवाय परिचारिकेने तो खाली ठेवू नये.

भाषेचा प्रश्नही किरकोळ नाही. ‘जीव घाबरा होतो’ या तीन शब्दांच्या तक्रारीत भीती, धाप, चक्कर आणि छातीतील कळ यांपैकी काहीही दडलेले असू शकते. शेंद्र्याच्या कारखान्यांत परप्रांतीय कामगार आहेत. त्यांच्यासाठी हिंदी यावयास हवी. शिवाय घरातला दूरध्वनी पुष्कळदा पुरुषाच्या हाती असतो. गरोदर सुनेचे डोके दुखते असे सासरा सांगत असेल, तर डोळ्यांपुढे अंधारी येते काय, चेहऱ्यावर सूज आहे काय, हे तिलाच विचारले पाहिजे. ‘जरा तिच्याकडे द्या’ एवढे शब्द परिचारिकेला धिटाईने म्हणता आले पाहिजेत. प्रशिक्षणात यासाठी स्वतंत्र वेळ राखणे इष्ट ठरेल.

आता उभारणीविषयी. दिवसभर लसीकरण आणि गृहभेटी करून थकलेल्या उपकेंद्रातील परिचारिकेच्याच गळ्यात रात्रीचा दूरध्वनी बांधणे अन्यायाचे होईल. पाळ्या हव्यात, स्वतंत्र माणसे हवीत, आणि शंका आल्यास बोलता येईल असा डॉक्टर प्रत्येक पाळीत हवा. शंका असेल तेव्हा रुग्णाला वरच्या पायरीवर पाठविण्याचा अधिकार तिला लेखी दिला पाहिजे. ‘उगाच पाठविले’ म्हणून तिला सकाळी जाब विचारला जाऊ लागला, तर महिनाभरात ती सर्वांनाच थांबावयास सांगू लागेल किंवा सर्वांनाच धाडू लागेल. रुग्णवाहिका मागावयाची झाल्यास तिनेच 108 ला कळवावे, घाबरलेल्या नातेवाइकाला दुसरा क्रमांक फिरवावयास लावू नये. वस्तीची खूण, म्हणजे कोणत्या गटातील, कोणत्या विहिरीजवळची, हेही तिनेच लिहून घ्यावे, कारण रात्री चालकाला पत्ता त्यावरूनच सापडतो.

ज्याला घरी थांबावयास सांगितले, त्याला सकाळी परिचारिकेनेच पुन्हा दूरध्वनी करावा आणि काय झाले ते नोंदवहीत लिहावे. महिन्याअखेर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या नोंदी तिच्यासोबत वाचाव्यात. कोणता प्रश्न विचारावयाचा राहिला, हे तेथे कळते आणि पुढील महिन्याच्या प्रश्नावलीत त्याची भर पडते.